पोटातलं भोक शिवत का नाहीत?

पत्र : माझ्या मिस्टरांचं वय ४४. पाच आठवड्यांपूर्वी त्यांचं वजन कमी करण्याचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी घरी आले, हिंडत-फिरत होते. अकराव्या दिवशी ताप भरला, नाडी १३० च्या पुढे गेली, डावा खांदा दुखायला लागला. स्कॅनमध्ये जठराच्या वरच्या टोकाला लीक आणि शेजारी पू साठलेला दिसला. बाहेरून नळी घालून पू काढला, मग तोंडातून दुर्बीण घालून जाळीचा स्टेंट बसवला. तो दोन आठवड्यांत खाली सरकला म्हणून काढावा लागला. आता डॉक्टर म्हणतात, भोकातून दोन छोट्या प्लास्टिकच्या नळ्या सोडू आणि खालचा अरुंद भाग फुग्याने रुंद करू. थोरल्या दिरांचं म्हणणं, हे सगळे प्रयोग चाललेत; दुसऱ्या सर्जनकडे नेऊन पोट उघडून भोक शिवून घ्या आणि मोकळे व्हा. सध्या यांना नाकातल्या नळीतून खायला देतोय. मागच्या आठवड्यात निळं औषध प्यायला दिलं ते थोड्या वेळात बाहेरच्या पिशवीत उतरलं. ते पाहिल्यापासून यांचा धीर सुटलाय. भोक शिवत का नाहीत? उलट नळ्या घालून ते उघडं ठेवण्यात काय अर्थ आहे? आणि हे संपणार कधी?

ता. क. माझ्या नणंदेचं दीड वर्षापूर्वी वजन कमी करण्याचंच, पण बायपासचं ऑपरेशन झालंय. जेवल्यावर तिच्या पोटात वरच्या बाजूला जळतं, दुखतं. ती म्हणते, ॲसिडिटी आहे. तिलाही लीक असेल का?
– एक वाचक

उत्तर :

तुमच्या दिरांचा प्रश्न वेडगळ नाही. भोक पडलं तर शिवावं, हे कुणालाही सुचेल. पण आज, पाचव्या आठवड्यात, मिस्टरांची तब्येत स्थिर असताना पोट उघडून ते शिवून घ्यायचा आग्रह धरू नका, असं मी स्पष्टच सांगेन. तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग रूढ झालेला आहे. तुम्हाला तो उलटा वाटतो, कारण भोक बुजवणं हे पहिलं काम आहे असं आपण धरून चालतो. तसं ते नाही. पहिलं काम साठलेला पू आणि लाळ यांना सतत बाहेर पडायला वाट देणं, दुसरं जठरातला दाब उतरवणं, तिसरं माणसाला नीट खाऊ घालणं. ही तीन कामं झाली की भोक बहुतेक वेळा शरीरच बुजवतं.

आधी भोक नेमकं तिथेच का पडलं ते बघू. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश किंवा थोडा जास्तच भाग काढून टाकतात. उरतो तो एक अरुंद, उभा नळा. कापलेली कड बारीक धातूच्या पिनांच्या रांगांनी बंद केलेली असते. ही रांग वर अन्ननलिकेपाशी संपते. तिथे जठराची भिंत पातळ आणि रक्तपुरवठा तोकडा असतो. स्लीव्हनंतरची बहुतेक लीक याच टोकाला होतात. शंभरातल्या एक-दोघांना ती होतात, आणि चांगल्या हातांनी केलेल्या ऑपरेशनमध्येही होतात. म्हणजे पहिल्या सर्जनने काहीतरी घोळ घातला, असा निष्कर्ष यातून आपोआप निघत नाही.

आता दाब. जठराच्या तळाशी पायलोरस नावाचा स्नायूंचा दरवाजा असतो. स्लीव्हमध्ये तो शाबूत राहतो. त्याच्या थोडं वर जठराला मुळातच एक वळण असतं. पिनांची रांग तिथे जरा आत गेली, किंवा नळा त्या जागी किंचित पिळला गेला, तर वाट अरुंद होते. लाळ, हवा, जठररस खाली सरकत नाहीत, वरचा दाब चढतो आणि वरच्या टोकाचं भोक वाहतं राहतं. पुढचा नळ बंद ठेवून मागच्या पाइपाची फट लिंपत बसलं तर लिंपण टिकेल का? डॉक्टर फुग्याने खालचा भाग रुंद करायचं म्हणतात ते यासाठी. खालची अडचण तशीच ठेवून वरच्या भोकाचे लाड केले तर महिनोन्‌महिने हाती काही लागत नाही. मला विचाराल तर तुमच्या डॉक्टरांच्या योजनेतला हाच भाग सगळ्यात शहाणपणाचा आहे.

आणि टाके? अकराव्या दिवशी ताप आला तोपर्यंत भोकाभोवतीची भिंत सुजून ठिसूळ झालेली होती. अशा भिंतीत टाका धरत नाही, कापत जातो, आणि पहिल्यापेक्षा मोठं भोक मागे राहतं. ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत लीक सापडलं असतं तर पुन्हा आत जाऊन धुणं, ड्रेन (पू बाहेर काढणारी नळी) ठेवणं, जमल्यास टाके घालणं हा वाजवी पर्याय होता. ती वेळ गेली. स्लीव्हच्या लीकबाबत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एकमतात काळाप्रमाणे वर्ग पाडलेले आहेत : पहिल्या सात दिवसांतलं तीव्र, एक ते सहा आठवड्यांतलं लवकरचं, सहा आठवड्यांनंतरचं उशिराचं आणि बारा आठवड्यांपुढचं जुनाट. नुसती नावं ठेवायला हे केलेलं नाही. कुठलं हत्यार कधी चालेल ते या काळावर ठरतं.

एक अपवाद मात्र ठामपणे सांगतो. रक्तदाब घसरतोय, पोट फळीसारखं ताठ झालंय, पू सगळ्या पोटात पसरलाय आणि बाहेरून घातलेल्या नळीने तो निघत नाहीये, अशा वेळी एंडोस्कोपीची, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून करायच्या उपचारांची, वाट बघत बसायचं नसतं. तेव्हा ऑपरेशन करून पोट धुणं आणि ड्रेन ठेवणं यालाच पर्याय नाही. तेव्हाही उद्देश जीव वाचवणं, पू काढणं हाच असतो. भोक त्या दिवशी शिवलं जाईलच असं नाही. तुमच्या पत्रावरून मिस्टर त्या अवस्थेत नाहीत. ताप उतरलाय, नाडी खाली आली आहे, नळीतून दिलेलं पचतंय, असं धरून मी पुढचं लिहितोय.

स्टेंटबद्दल. जाळीच्या नळीवर प्लास्टिकचं आवरण असलेला स्टेंट अन्ननलिकेतून खाली जठरात उतरवतात. तो दोन कामं करतो : भोकावरून पूल टाकतो आणि अरुंद जागा ताणून धरतो. पण आवरणामुळे तो भिंतीला घट्ट चिकटत नाही, आणि जठराची हालचाल थांबत नाही. त्यामुळे सरकणं ही स्टेंटची नेहमीची खोड आहे. दर चार-पाच जणांत एखाद्याचा तरी सरकतो. आवरण नसलेला का घालत नाहीत, असा प्रश्न तुमचे दीर विचारतील. तो भिंतीत इतका रुततो की काढताना भिंत फाटायची भीती असते. आवरणवालाही फार दिवस ठेवता येत नाही. चार ते आठ आठवड्यांत तो काढायचा असतो, नाहीतर कडांना व्रण पडतात, मांस वाढतं, रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय छातीत दुखणं, मळमळ, घशाशी आंबट येणं हे असतंच. मिस्टरांनी त्या दोन आठवड्यांत बरंच सोसलं असणार. तो सरकल्यावर डॉक्टरांनी दुसरा, आणखी मोठा स्टेंट घालायचा हट्ट न धरता पद्धत बदलली. याला मी प्रयोग म्हणणार नाही. एका पद्धतीने पूर्ण बरं झालेला रुग्ण या आजारात भाग्यवान. अनेकांना दोन-तीन पद्धती एकामागून एक किंवा एकत्र लागतात.

आता त्या दोन नळ्या. डॉक्टर त्यांना पिगटेल म्हणतात, कारण दोन्ही टोकं वळलेली असतात. वळल्यामुळे त्या जागेवर टिकतात. जाडी दोन-तीन मिलिमीटर, लांबी काही सेंटिमीटर. एक टोक भोकातून पलीकडच्या पुवाच्या पोकळीत, दुसरं जठरात. पोकळीतला पू आणि जठरातून तिथे गेलेली लाळ नळीतून आणि तिच्या कडेने परत जठरात येते आणि पुढे आतड्यात जाते. पू आतड्यात गेला तर? काही होत नाही. आतडं रोज त्याहून घाण सांभाळतं. पोकळी रिकामी राहिली की आक्रसत जाते, आणि नळीच्या नुसत्या असण्याने तिथलं मांस चिडून भरून यायला लागतं. भरत भरत पोकळी नळीभोवती आवळते. शेवटी नळी काढली की उरलेली बारीक वाट मिटते. गेल्या दहा-बारा वर्षांत ही पद्धत बऱ्याच ठिकाणी स्टेंटच्या आधी वापरली जाऊ लागली आहे. साधं कारण असं की माणसाला ती सोसते. छातीत दुखत नाही, घरी राहता येतं, आणि पुष्कळांना काही दिवसांत तोंडाने पातळ घेता येतं.

भोक बंद करणारी क्लिप का नाही वापरत, हेही कुणीतरी विचारेलच. एंडोस्कोपच्या टोकावर बसवून सोडायची, सापळ्यासारखी चावा घेणारी मोठी क्लिप असते. ताज्या, लहान भोकाला, आजूबाजूची भिंत मऊ असताना ती छान बसते. पाच आठवड्यांनी कडा कडक झालेल्या असतात, क्लिपला चावायला मांस मिळत नाही. आणि समजा बसलीच, तरी आत पू असताना दार लावून घेण्यात काय शहाणपण? एंडोस्कोपीने टाके घालायचं यंत्रही आहे. त्याचीही अडचण तीच. जैविक गोंद भोकात सोडून बघतात, पण एकट्या गोंदावर मी फार भिस्त ठेवणार नाही.

आणखी एक पद्धत तुमच्या कानावर येईल : स्पंजची. पोकळी मोठी आणि घाण असेल तर तिच्यात स्पंज ठेवून नाकातून आलेल्या नळीने त्याला सतत ओढ देतात, बहुतेक १२५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. पोकळी झपाट्याने स्वच्छ होते. पण स्पंज दर तीन ते पाच दिवसांनी बदलावा लागतो, दर वेळी गुंगी देऊन, आणि माणूस तितके दिवस हॉस्पिटलात अडकतो. ताप पुन्हा चढला किंवा पोकळी कमी होईना तर डॉक्टर हा मार्ग काढू शकतात. तेव्हा दचकू नका.

लीक बारा आठवड्यांच्या पुढे रेंगाळलं तर पोकळी आणि जठर यांच्यामध्ये मांसाचा एक पडदा उरतो. तो एंडोस्कोपीतून थोडा थोडा कापतात, जेणेकरून पोकळी जठराचाच भाग बनते आणि तिच्यात साचायला जागाच राहत नाही. वाचायला भीती वाटते, पण जुनाट लीकमध्ये ही चांगली चाल आहे. हे सगळं करूनही कित्येक महिने लीक हटलं नाही, तर मग मोठ्या ऑपरेशनचा विषय निघतो : आतड्याचा एक भाग वर आणून भोकाला जोडणं, किंवा क्वचित उरलेलं जठर काढणं. तुमच्या दिरांना सांगा, ऑपरेशन रद्द झालेलं नाही, शेवटी ठेवलंय. तोपर्यंत सूज उतरलेली, अंगात मांस भरलेलं, रक्तातली प्रथिनं सुधारलेली असतील, तर तेच ऑपरेशन कितीतरी सुरक्षित होतं.

फुग्याबद्दल दोन शब्द, कारण त्यातही जोखीम आहे. अरुंद जागी फुगा नेऊन एक्स-रेखाली तो फुगवतात. या कामाला साधारण ३० मिलिमीटर व्यासाचा मोठा फुगा लागतो. लहान फुग्याने पिळलेला नळा सरळ होत नाही. भिंत फाटायचा थोडा धोका असतो. म्हणून सहसा बेताने सुरुवात करतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा करतात. एकदा करून भागलं नाही तर उपचार फसला असं समजू नका.

निळ्या औषधाचं. ते पिशवीत उतरलेलं पाहून मिस्टरांचा धीर सुटला हे स्वाभाविक आहे. आपण प्यालेलं आपल्या बरगडीतून बाहेर येताना पाहणं सोपं नसतं. पण त्या चाचणीने नवीन वाईट काही सांगितलेलं नाही. वाट अजून उघडी आहे, एवढंच. आणि ते बाहेरच्या पिशवीत आलं म्हणजे आत कुठे साठत नाहीये, हे चांगलंच. पिगटेल बसल्यावर एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा : बाहेरचा ड्रेन मागे कधी ओढणार? तो भोकाच्या तोंडाशी तसाच राहिला तर द्रव त्याच वाटेने वाहत राहतो आणि आतली वाट मिटायला तयार होत नाही. आतला निचरा सुरू झालाय याची खात्री पटली की ड्रेन थोडा थोडा मागे घेऊन काढतात. घरी मात्र कुणी त्याला हात लावायचा नाही.

खाण्याविषयी तुम्ही फारसं लिहिलं नाहीत, आणि मला काळजी तिथलीच जास्त आहे. नाकातली नळी भोकाच्या खूप पुढे, लहान आतड्यात गेलेली असते, म्हणून तिच्यातून दिलेलं भोकापाशी जातच नाही. शिरेतून पोषण देण्यापेक्षा हा मार्ग चांगला. आतडं कामात राहतं आणि शिरेतल्या नळीतून होणाऱ्या संसर्गाचा धोका टळतो. किती उष्मांक आणि किती प्रथिनं जाताहेत याचा आकडा आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या. साध्या स्लीव्हनंतरही दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. पू होऊन गेलेल्या माणसाला त्याहून जास्त. नळीतून देताना पाठ उंच ठेवा, दर वेळी आधी आणि नंतर पाणी सोडून नळी धुवा, आणि गोळ्या कुटून स्वतःच्या मनाने नळीत टाकू नका. नळी तुंबली की पुन्हा एंडोस्कोपी आली.

आणि थायमिन. म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. वजनाच्या ऑपरेशननंतर उलट्या होणारा, नीट न खाणारा माणूस या साठ्याच्या तळाशी फार लवकर पोचतो, आणि अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ, ही लक्षणं अशक्तपणावर ढकलू नका. वेळेत शिरेतून थायमिन दिलं तर माणूस सावरतो, उशीर झाला तर काही दोष कायमचा राहतो. उद्या सकाळी राउंडला किंवा फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा : यांना थायमिन चालू आहे ना? असेल तर उत्तमच. नसेल तर विचारल्याने एका माणसाचं आयुष्य वाचलं असं समजा. यात मी अतिशयोक्ती करत नाही.

कधी संपणार? पिगटेल बसल्यावर पहिली तपासणी बहुधा चार ते सहा आठवड्यांनी होते. तेव्हा नळ्या बदलतात, लहान घालतात किंवा काढतात. अनेकांचं प्रकरण दोन-तीन महिन्यांत आटोपतं, काहींचं सहा महिने चालतं. या महिन्याअखेर होईल का, असा हिशोब मांडू नका. आठवड्याचा हिशोब मांडा : या आठवड्यात ताप नाही, ड्रेनमधलं कमी झालं, दहा पावलं जास्त चालले. स्कॅन आणि रक्तातलं सीआरपी (सूज-संसर्ग किती आहे ते दाखवणारी तपासणी) यांनी डॉक्टर आपला हिशोब ठेवतील.

दुसरं मत घ्यायला माझी ना नाही. पण रुग्ण हलवण्याआधी कागद हलवा. पहिल्या ऑपरेशनची सविस्तर नोंद (स्लीव्ह किती जाडीच्या नळीवर केली, पिनांच्या रांगेला काही आधार दिला होता का), स्कॅनची सीडी आणि एंडोस्कोपीचा व्हिडिओ, एवढं घेऊन दीर दुसऱ्या तज्ज्ञाला भेटू शकतात. भेटायचं तर अशा ठिकाणी, जिथे बॅरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणारा) सर्जन, एंडोस्कोपी करणारा पोटविकारतज्ज्ञ आणि स्कॅनखाली नळ्या घालणारा रेडिओलॉजिस्ट हे तिघं एकमेकांशी बोलून ठरवतात. तिथे विचारायचे प्रश्न साधे : पोकळी केवढी आहे, खाली अडचण आहे का, या उपायाने सहा आठवड्यांत काय दिसायला हवं, आणि नाही दिसलं तर पुढे काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे तयार असतं त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. 'आपण नक्की एका बैठकीत बंद करू' म्हणणाऱ्याकडून मी रुग्ण उचलून आणेन.

घरी असताना काय दिसलं तर थांबायचं नाही, ते सांगतो. पडून असताना नाडी १२० च्या पुढे आणि तशीच राहतेय. लीकमध्ये कधी कधी ताप आणि पोटदुखीच्याही आधी हीच बोलते. पुन्हा ताप किंवा हुडहुडी, डाव्या खांद्यात कळ, धाप. ड्रेन अचानक बंद आणि सोबत ताप. पातळ काही प्यायल्यावर दर वेळी खोकला, किंवा घाण वासाचा बेडका : जुनं लीक कधी पोट आणि छाती यांमधला पडदा ओलांडून फुप्फुसापर्यंत वाट काढतं. रक्ताची उलटी, काळी शी, ड्रेनमध्ये लाल रक्त, मग ते चमचाभर असून थांबलेलं का असेना. मोठ्या रक्तस्रावाआधी असा छोटा इशारा येऊ शकतो. यातल्या कशासाठीही सकाळपर्यंत थांबायचं नाही. आणि स्कॅन स्वच्छ आला म्हणून लक्षणं खोटी ठरत नाहीत. लहान लीक स्कॅनमध्ये हुकतं.

घरातल्या बोलण्याबद्दल थोडंच. 'कशाला केलं हे ऑपरेशन' हे वाक्य मिस्टरांच्या खोलीत कुणी उच्चारू नये, एवढा वटहुकूम तुम्ही काढा. लठ्ठपणासोबत येणारा मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं यावर या ऑपरेशनइतका टिकाऊ उपाय क्वचितच मिळतो, आणि त्यांनी तो विचार करूनच घेतला असणार. लीक बरं झालं की त्या ऑपरेशनचा फायदाही बहुतेकांना मिळतोच. ते फार गप्प राहत असतील, नळीतलं खाणंही नको म्हणत असतील, तर टीममध्ये मानसोपचारतज्ज्ञ मागून घ्या. त्यात लाजायचं काही नाही.

आता नणंदबाईंकडे. त्यांना लीक असण्याची शक्यता फार कमी. दीड वर्षाने, बायपासनंतर, जेवल्यावर वरच्या पोटात दुखतंय म्हटलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते जोडावरच्या व्रणाचं. बायपासमध्ये जठराचा अगदी छोटा कप्पा करून त्याला लहान आतडं जोडतात. त्या जोडाच्या आतड्याकडच्या बाजूला आम्लाची सवय नसते, तिथे व्रण पडतो. त्याला खतपाणी घालणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी : तंबाखू कुठल्याही रूपात, आणि अंगदुखीच्या गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनची जातकुळी. गुडघ्यांसाठी त्या अशी गोळी घेतात का, हे तुम्हीच विचारा. डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. घेत असतील तर बंद करून पर्यायी औषध मागायला सांगा. फक्त ॲस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही. एच. पायलोरी जंतूचीही तपासणी व्हायला हवी.

निदान एंडोस्कोपीनेच होतं. व्रण निघाला तर आम्ल कमी करणारं औषध काही महिने लागतं, आणि इथे एक बारकावा आहे जो रुग्णाला फार क्वचित सांगितला जातो : बायपासच्या रुग्णांत कॅप्सूल उघडून घेतल्यास व्रण लवकर भरतो. छोट्या कप्प्यातून अख्खी कॅप्सूल विरघळण्याआधीच पुढे निघून जाते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उघडलेल्या कॅप्सूलने व्रण भरायला मध्यक ९१ दिवस लागले (म्हणजे निम्म्यांचा त्याआधी भरला), अख्ख्या कॅप्सूलने ३४२. सगळ्याच गोळ्या अशा फोडून घेता येत नाहीत, म्हणून औषध लिहून घेतानाच 'उघडून घेता येईल असं द्या' असं सांगायचं.

व्रणाऐवजी जोड आवळलेला असेल तर दुखण्यापेक्षा अडकणं जास्त असतं : आधी घट्ट जेवण वर येतं, मग मऊ, मग पाणीसुद्धा. हे सहसा पहिल्या तीन महिन्यांत दिसतं. उशिरा दिसलं तर मागे व्रणच असतो बऱ्याचदा. त्याला एंडोस्कोपीतून फुग्याने ताणतात, दोन-तीन बैठकांत, आणि मुद्दाम बेताने, कारण जोड फार रुंद केला तर जेवण भसकन आतड्यात उतरतं. दुखणं उजवीकडे, बरगडीखाली असेल तर पित्ताशयातले खडे बघायला हवेत. झपाट्याने वजन उतरल्यावर ते होतातच पुष्कळांना. खडा पित्तनलिकेत उतरला असेल तर मात्र बायपासनंतर नेहमीच्या वाटेने एंडोस्कोप तिथवर पोचत नाही. त्यासाठी लांब एंडोस्कोप, लॅप्रोस्कोपीची जोड किंवा जठराच्या बंद पडलेल्या भागात स्टेंटने वाट काढणं, असं काहीतरी करावं लागतं, आणि ते सगळीकडे होत नाही. म्हणून नणंदबाईंनी कुठेही जाताना 'माझं बायपास झालंय' हे पहिल्या वाक्यात सांगायचं आणि ऑपरेशनची नोंद सोबत न्यायची. पोटात एकाएकी असह्य कळ आली आणि थांबेना, तर ॲसिडिटीची गोळी खाऊन बघायची नाही. व्रण फुटलेला असू शकतो किंवा आतडं आत अडकलेलं असू शकतं. तडक तातडीच्या विभागात, आणि तेही शक्यतो जिथे बायपास केलेली पोटं पाहणारे सर्जन आहेत तिथे.